अब्बांची फुंकर

बोरी अरबच्या स्टँडवर एसटी लागली. अब्बांनी माझी बॅग वर ठेवली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "कायले रडून राह्यली बेटा? शिकाले तं चालली." रडत होते ते स्वतःच.

अब्बांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. कपाशीवर औषध मारणं सुरू झालं की शेतकरी नोझल तुंबलेले पंप घेऊन येतात. अब्बा नोझल काढतात, ओठांना लावतात आणि जोरात फुंकतात. झालं काम. लहानपणी मीही हौसेनं फुंकायचे. तोंड कडू व्हायचं, मग अम्मी गुळाचा खडा द्यायची.

पुण्याच्या कॉलेजात मी पर्यावरण हा विषय घेतला. त्यात रसायनशास्त्र, कायदा, इतिहास, कविता, सगळंच. "म्हणजे झाडं लावाले शिकवतेत काय?" अम्मीनं फोनवर विचारलं होतं. पहिल्याच सत्रात मॅडमनी आपापल्या घरच्या व्यवसायाविषयी वर्गात बोलायला सांगितलं. अब्बांना कळवलं तर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि अम्मीकडून फुंकर मारतानाचा व्हिडिओ काढून घेतला. वर्गात तो लावला. "हे रोज असंच करतात?" मॅडमनी हळूच विचारलं.

कीटकनाशकांचा धडा आदल्याच आठवड्यात झाला होता. मला त्यात चांगले मार्क होते. तरी पुस्तकातलं विष आणि अब्बांची फुंकर मी कधी एकत्र पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी अब्बांचा फोन आला. "मॅडमले आवडलं काय?"

"खूप," मी म्हणाले. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून पुढचे चार महिने मी त्यांना फुंकू दिलं.

सुट्टीत शेवटी सांगितलं. अब्बांचे हात हल्ली थरथरतात. कशानं, ते डॉक्टरांना नक्की सांगता येत नाही. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. "इतके वर्सं फुकलं, आता काय होते?" म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुले बी फुकू देलं न मी."

माझ्यासारखं शिकायला बाहेर पडलेल्यांनो, घरी काहीतरी चांगलं घेऊन जावं असं तुम्हालाही वाटत असेल. मी मऊ ब्रश आणि हातमोजे नेले. मी घरी असेपर्यंत अब्बा ते वापरतात. पूर्वी मी आले की हातातलं काम टाकून हसत उठायचे. परवा मी न सांगता दुकानात शिरले, तर त्यांनी ओठांपाशी नेलेलं नोझल घाईघाईनं खिशात टाकलं आणि तपासणीला साहेब आल्यासारखे उभे राहिले.

घर अजून तेच आहे. फक्त तिथं आता माझे वडील मला घाबरतात.