पत्र्याखालच्या वायरी

पप्पांनी तीस वर्षं वायरमनचं काम केलं. घोडबंदर रोडच्या कितीतरी टॉवरमध्ये त्यांनी पाईप टाकून वायरी ओढल्या. दिवा स्टेशनजवळचं आमचं घर मात्र सगळ्यात वरच्या मजल्यावरचं, पत्र्याचं. पत्र्याखाली प्लायचं सिलिंग त्यांनीच मारलेलं, आणि मधल्या पोकळीत वायरी नुसत्याच सोडलेल्या.

शेवटच्या वर्षी ते खाटेवर होते. फुप्फुसं निकामी झालेली, ऑक्सिजनचं मशीन सतत चालू लागायचं. मे महिन्यात एका सकाळी आईने पत्र्याच्या अँगलला बांधलेल्या, कपडे वाळत घालायच्या लोखंडी सळईला हात लावला आणि ती मागे फेकली गेली. मेन स्विच ट्रिप झाला. मशीन बंद पडून ओरडायला लागलं.

"मेन वर करू नको," पप्पा म्हणाले. "पत्र्यात करंट उतरलाय."

आईला लागलं नव्हतं. घरात ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, तो लावला. दीडेक तास पुरला असता. खालच्या काकूंनी खिडकीतून एक्स्टेन्शन दिलं, पण व्होल्टेज इतकं कमी, की मशीन चालेचना. ओळखीचा वायरमन डोंबिवलीला साईटवर होता. "ताई, संध्याकाळी बघतो," फोनवर म्हणाला. बोलावलेला ॲम्ब्युलन्सवाला रेल्वे फाटकापाशी अडकलेला, कधी पोचेल सांगता येत नव्हतं.

"तू चढ," पप्पा म्हणाले. "मशीनपुरती एक लाईन ओढ."

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर कामावर जायचे, वायर सोलून द्यायचे. तेवढंच मला येत होतं. आई खालच्या दुकानातून पाईप आणि वायर घेऊन आली. मी टेस्टर लावून सगळं बंद असल्याचं दोनदा पाहिलं, सिलिंगची एक शीट काढली आणि आत शिरले.

आत भट्टी होती. पत्रा डोक्यापासून वीतभर वर. बॅटरीच्या उजेडात वायरींचा गुंता दिसला. उंदरांनी कुरतडून तांबं उघडं पाडलेलं, आणि एक वायर थेट पत्र्याच्या अँगलला टेकलेली.

"टेप मारू का?" मी वरून विचारलं.

"टेप नको." पप्पा दोन शब्द बोलून थांबत होते. "जुनी काप. नवी पाईपातून. भिंतीच्या कडेने. पत्र्याला लागता कामा नये."

मी सरपटत निघाले. सिलिंगच्या लाकडी फळीवरचा पाय घसरला आणि गुडघा प्लायमधून खाली गेला. खालून आई रडत म्हणाली, "सिलिंडरचा काटा लाल रंगावर आलाय गं."

तेव्हा माझा तोल गेला. "लोकांच्या घरी पाईप घातलेत ना तुम्ही? मग आपल्याच घरात असं कसं केलंत, पप्पा?"



"तेव्हा वाटलं," ते म्हणाले, "वर कोण बघतंय."

हात इतके घामेजले होते, की क्लिपा हातातून निसटत होत्या. पाईप भिंतीला बसवला, त्यातून वायर घातली, खाली उतरून बोर्डाला जोडली. बाकीच्या सगळ्या वायरी मेनपासून सोडवल्या. अर्थिंगची हिरवी वायर नीट घट्ट केलीस का, हे पप्पांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना त्यांचे ओठ निळे पडले होते.

मेन वर केला. तो टिकला. मशीन गुरगुरायला लागलं. नळी नाकाला लावून आम्ही दोघी त्यांच्या छातीकडे बघत बसलो. ओठांचा रंग परत यायला बराच वेळ लागला.

वायरमन दोन दिवसांनी आला आणि त्याने उरलेलं घर पाईपातून करून दिलं. पप्पा पडल्या पडल्या त्याला सूचना देत होते. माझ्याशी मात्र ते त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत, आणि मलाही माफी मागायचं सुचलं नाही. गणपती झाल्यावर ते कळव्याला दवाखान्यात वारले.