आधी काढून बघ

मुलाच्या तळहातावर पाच रुपयांचं नाणं ठेवायचं, त्याची मूठ आपल्या हाताने वळवायची आणि लगेच म्हणायचं, "आता परत दे बघू." काकींची ही सवय आमच्या लालबागच्या चाळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. मूल बावरायचं. काही मुलं मूठ पाठीमागे लपवायची, काही रडायच्या बेतात यायची. जे मुकाट्याने परत देई, त्याला ते नाणं बक्षीस मिळे. जे देत नसे, त्याला काकी म्हणायच्या, "शाब्बास. तू मोठेपणी पतपेढी काढ."

परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी सगळी नोकरी नर्स म्हणून केली होती. लग्न केलं नव्हतं. आमच्या मजल्यावर जिन्यालगतची खोली त्यांची, आणि दारात एक लाकडी स्टूल. निवृत्त झाल्यावरही त्या गॅलरीतून चालायच्या तेव्हा वॉर्डात राऊंडला निघाल्यासारख्या वाटायच्या. शर्टाचं बटण तुटलेलं असेल तर मोठी माणसंसुद्धा त्यांना बघून हात छातीवर ठेवायची. मीही ठेवायचो.

तुम्ही म्हणाल, नर्सबाईंचा आणि पैशांचा काय संबंध? मीही एकदा तेच विचारलं होतं.

"अरे, पेशंट आत घेताना सगळेच हसून बोलतात," काकी म्हणाल्या. "सोडायच्या दिवशी कळतं इस्पितळ कसं आहे ते. पैशाचंही तसंच. ठेवायला गेलास की चहा पाजतील. काढायला जा, मग बघ पाणी तरी विचारतात का. म्हणून आधी काढून बघ."

आधी काढून बघ. दिवसातून किती वेळा हे वाक्य गॅलरीत ऐकू यायचं, त्याला गणती नव्हती.

माझ्या मुलाला, ओजसला, त्याच्या आजीने जत्रेतून मातीचा गल्ला आणून दिला होता. वर रंगीत मोर वगैरे. तो काकींना दाखवायला गेला. काकींनी गल्ला कानाशी हलवला आणि म्हणाल्या, "छान आहे. ह्यातले दहा रुपये काढून दाखव." ओजस अख्खी दुपार आईच्या केसांतली पिन घेऊन त्या फटीशी झटत होता. संध्याकाळी रडकुंडीला येऊन म्हणाला, "फोडावा लागेल." काकी म्हणाल्या, "जिथून आपलेच पैसे काढायला फोडाफोडी करावी लागते, तिथे ठेवू नये रे बाबा." गल्ल्याच्या बदली मग वरच्या बाजूला झाकण असलेला बिस्किटांचा डबा आला. मोर आजही आमच्या कपाटावर पोटातल्या पैशांसकट बसलेला आहे.

भाऊबीजेनंतर तर चाळीत बंडच झालं. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या लहानपणी जे झालं तेच आमच्याही मुलांचं होत होतं. ओवाळणीचे, खाऊचे पैसे मिळायचे, आई म्हणायची "दे, मी ठेवते हं नीट," आणि ते पैसे पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडायचे नाहीत. त्या वर्षी काकींनी मुलांना सांगितलं, "आईकडे ठेवलेत ना? काढून बघा." दुसऱ्या दिवशी सकाळी दारोदार मुलं हात पुढे करून उभी. "तुला इतकी वर्षं खाऊपिऊ कोण घालतंय?" असा सवाल एकाच वेळी चार खोल्यांतून ऐकू आला. आमच्या घरातून जरा मोठ्यानेच. बायकांनी काकींशी आठवडाभर अबोला धरला. काकींना त्याचं काही वाटलं नाही. त्या स्टुलावर बसून लसूण सोलत राहिल्या.

आणि मीही सुटलो नाही. माझ्या फोनमध्ये रोज थोडं थोडं सोनं घ्यायचं एक ॲप होतं, त्याची मी चारचौघांत फुशारकी मारायचो. ओजस म्हणाला, "बाबा, काढून दाखवा." मला पासवर्डच आठवेना. तो आठवेपर्यंत पंधरवडा गेला आणि माझी घरातली पत त्याहून आधी गेली.

मूल दहा वर्षांचं झालं की काकी त्याला घेऊन निघायच्या. दहा पूर्ण झाली की मुलाला स्वतःच्या सहीने खातं चालवता येतं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. केस विंचरून, स्वच्छ कपडे घालून, मुलगी बघायला निघाल्यासारखी ती वरात निघे. आधी पोस्ट, मग एक बँक, मग दुसरी बँक. काकी स्वतः बाकावर बसायच्या. मुलाला सांगायच्या, "पैसे भरणाऱ्यांकडे बघू नकोस. काढणाऱ्यांकडे बघ." मग मुलं घरी येऊन सांगायची, "एसी मस्त आहे, पण एका आजोबांना तीनदा वरखाली पाठवलं." किंवा, "पोस्टातल्या बाई खेकसतात, पण पैसे लगेच देतात." ओजसने खेकसणाऱ्या बाई पसंत केल्या. जागा मुलानेच निवडायची, हा काकींचा नियम होता. आईबापांनी तोंड उघडायचं नाही.

ह्या सगळ्या पलटणीत सिद्धी वेगळी होती. पहिल्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्यांची ही मुलगी. तिचे बाबा चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे आणि सिद्धीला पखवाजाचं वेड. पण मंडळाच्या पखवाजाला पोरांनी हात लावायचा नाही, असा दंडक. मग ती मसाल्याचा मोठा पत्र्याचा डबा मांडीवर आडवा घेऊन बडवायची. लालबागचा डबा तो, वाजवता वाजवता आतून मिरचीचा वास यायचा आणि शेजारपाजारचे शिंकायचे. तिला स्वतःचा पखवाज हवा होता. ओवाळणी, बक्षिसं, मामाने दिलेले पैसे, सगळं ती त्याच्यासाठी बँकेत साठवत होती. तिने बँक बदललीसुद्धा होती एकदा. पहिल्या ठिकाणी काढायच्या दिवशी तिला "मोठ्या कुणाला तरी घेऊन ये" म्हणाले म्हणून.

अशात आमच्या नाक्यावर पतपेढी उघडली. काचेचं दार, थंडगार हवा, प्रत्येकाला पेढा. चालवणारा तरुण काकींच्याच गावचा, मालवणकडचा. व्याज इतरांपेक्षा बरंच जास्त. आमची अर्धी चाळ त्या बाजूची. "आपल्या गावचा पोरगा आहे" एवढं एक वाक्य पुरलं. कुणी दागिने मोडून ठेवी ठेवल्या, कुणी पोराच्या फीचे पैसे नेऊन ठेवले. सिद्धीचे बाबा तिला म्हणाले, "तुझे पण तिकडे टाकूया. पखवाज लवकर येईल."

सिद्धी म्हणाली, "आधी शंभर टाकते. काढून बघते. मग बाकीचे."

बाबा हसले. पण शंभर टाकले. आठवड्याने ती बाबांची सही घेऊन काढायला गेली. तिला पेढा मिळाला आणि "कॅशियर रजेवर आहेत, सोमवारी ये" असं उत्तर मिळालं. सोमवारी सिस्टिम बंद होती. त्यानंतर गेली तेव्हा तो तरुण स्वतः बाहेर आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "एवढीशी रक्कम कशाला काढतेस गो? राहू दे, वाढेल."

ती तरातरा जिना चढून आली. मी तेव्हा गॅलरीतच होतो. काकी स्टुलावर बसून तांदूळ निवडत होत्या.

"काकी, ते शंभर रुपये देत नाहीत."

"देतील गो. नवीन आहेत. त्या पोराला मी ओळखते. त्याची आई आमच्याच वॉर्डात होती. जन्मल्यावर त्याला पहिल्यांदा पुसून दुपट्यात गुंडाळला तो मी."

"तुझे पण आहेत तिकडे?"

काकींनी होकाराची मान हलवली. मला धक्काच बसला. नोकरी सुटताना मिळालेली सगळी पुंजी काकींनी तिथे ठेवली होती. गावी आईच्या नावाचा जमिनीचा एक तुकडा होता. त्यावर दोन खोल्यांचं घर बांधायचं आणि तिकडे जाऊन राहायचं, हे त्या कित्येक वर्षं बोलत होत्या. ते घर आता त्या काचेच्या दारामागे होतं.

सिद्धीने सरळ विचारलं, "काकी, तू काढून बघितलंस?"

काकींचा ताटातला हात थांबला. त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. उभ्या चाळीला शिकवणाऱ्या बाईला आपल्या गावच्या पोराला हे विचारायचा संकोच वाटला होता. त्यांनी ताट खाली ठेवलं, पदर खोचला, चपला घातल्या.

"चल."

पुढचे दिवस आमच्या चाळीत अजून रंगवून सांगितले जातात. काकींनी पतपेढीत जाऊन सगळी ठेव परत मागितली. "काकी, तुम्हीसुद्धा?" असं तो तरुण दुखावल्यासारखं म्हणाला. काकी म्हणाल्या, "मीसुद्धाच. मीच आधी यायला हवं होतं." उद्या या, म्हटल्यावर त्या उद्या गेल्या. परवा या, म्हटल्यावर त्यांनी डबा बरोबर नेला आणि समोरच्या गुबगुबीत कोचावर बसल्या. शाळा सुटल्यावर मुलं तिथेच जमायला लागली. थंड हवेत अभ्यास छान होतो म्हणे. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, "काय हो, ही शाळा कसली?" ओजस पाढे थांबवून गंभीरपणे सांगायचा, "आम्ही पैसे काढून बघतोय."

आणि सिद्धीने मसाल्याचा डबा आणला.

ती कोचावर मांडी घालून बसली आणि भजनाचा ठेका धरला. पत्र्याचा आवाज त्या काचेच्या खोलीत असा काही घुमायचा की बाहेर रस्त्यावर माणसं थांबायची. आत शिंका सुरू व्हायच्या. तो तरुण हात जोडून म्हणाला, "बाळ, तो डबा थांबव." सिद्धी म्हणाली, "शंभर रुपये द्या, थांबवते." त्याने खिशातून नोट काढली. सिद्धीने ती उजेडात धरून बघितली, फ्रॉकच्या खिशात घातली आणि पुन्हा डबा मांडीवर घेतला.

"आता काय?"

"आता काकीचे."

हे ऐकून ऐकून गिऱ्हाइकं आपापल्या पावत्या घेऊन यायला लागली. गलका वाढू नये म्हणून असेल, काकींना चेक मिळाला. पैसे आपल्या बँकेत जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत त्या कोचावरून उठल्या नाहीत. उठल्या त्या चाळीत आल्या आणि एकेका दारात उभं राहून सांगत सुटल्या, "उद्याच जा. काढून बघा." आमच्या चाळीतले सगळे गेले, सगळ्यांना मिळाले. शेजारच्या चाळीतले काही जण मात्र व्याजाच्या आशेने थांबले. पुढे पतपेढीचं शटर एकदा खाली आलं ते आलंच. त्यांच्यासाठी अर्ज लिहिताना, सरकारी कचेरीत त्यांच्याबरोबर हेलपाटे घालताना मी काकींनाच बघितलं.

मेसेज आला त्या संध्याकाळी काकींनी सिद्धीला आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर उंबऱ्यावर बसल्या. सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या, "माझ्याच विषयात मी नापास झाले होते रे. ह्या चेडवाने मला पास केलं." डोळे पुसत हसत होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी आत जाऊन उगाचच चहा टाकला, सगळ्या मजल्याला पुरेल एवढा.

पखवाज आला. सिद्धीने दादरच्या दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारून घेतलं, आवाज बिघडला तर परत घेणार का, आणि किती दिवसांत. तो बिचारा आधी हसला, मग तिच्याकडे बघून बिलावर लिहून दिलं. घरी येताना तिने बाबांना पखवाज उचलू दिला नाही. ट्रॅफिक थांबवून रस्ता ओलांडला तिने.

काकींचं घरही झालं. दोन खोल्या, पुढे पडवी. आणि त्या गेल्या. जाणारच होत्या, आम्हाला ठाऊक होतं, तरी खोलीला कुलूप बघून कसंतरी झालं. स्टूल दारातच राहिलं.

जानेवारीत आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असते आणि संध्याकाळी भजन. त्या वर्षी पखवाजावर सिद्धी बसणार होती. तिने काकींना फोन लावला. स्पीकरवर आम्ही सगळे ऐकत होतो.

"गुडघे धरलेत गो," काकी म्हणाल्या. "आणि आंब्याला मोहोर आलाय. पुढच्या वर्षी बघू."

"सोमवारी ये, सिस्टिम बंद आहे, तसंच झालं की मग," सिद्धी म्हणाली. "आम्ही तुला गावी ठेवलंय काकी. आता काढून बघतोय. मिळणार की नाही ते सांग."

 "मेले, माझंच मला शिकवतात," एवढंच काकी म्हणाल्या आणि फोन बंद.

पूजेच्या संध्याकाळी भजनी मंडळ बसलं होतं. सिद्धी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होती. जिन्यावर पावलं वाजली. राऊंडला निघाल्यासारखीच, फक्त जरा सावकाश. हातात पिशवी, केसांत प्रवासाची धूळ. मुलं धावली. सिद्धीचे हात कणकेने भरलेले, तिला उठता येईना. तिने बसल्या जागेवरून काकींना डोक्यापासून चपलांपर्यंत नीट निरखलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "अख्खी मिळाली!"

आणि पखवाजावर अशी थाप मारली की समईची ज्योत हलली.

दोन दिवसांनी काकी परत गेल्या. स्टूल अजून दारात आहे. एरवी त्यावर कुणी बसत नाही, पण पूजेच्या आदल्या दिवशी मुलं ते धुऊन उन्हात ठेवतात आणि सिद्धी फोन लावते. दर वर्षी काढून बघतो. अजून मिळतात.