शांत रसाचं बक्षीस

काव्यवाचन स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचं मी आता बंद केलंय. कुणी बोलावलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगते. गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या हिवाळ्यातल्या एका स्पर्धेनं माझं मन विटलंय, एवढंच.

आपल्याच शहरातल्या एका कॉलेजच्या सभागृहात ती स्पर्धा होती. कविता सगळ्यांना एकच, काही शतकांपूर्वीची. देवळाबाहेरचं अंगण झाडणारा माणूस तीत देवाशी बोलतो. जन्मभर तुझ्या दारातला पाचोळा मी उचलला, तू सावलीत बसलास. आता एकदा बाहेर ये, या तापल्या फरशीवर उभा राहा, मग बघू तुझे पाय. एवढीच कविता. ती म्हणायची आणि मग दोन मिनिटांत तिचं रसग्रहण करायचं.

सकाळपासून एकामागून एक मुलं येत होती. कुणी चाल लावून गात होतं, कुणी गळा दाटून आणत होतं. हात मात्र झाडून सगळ्यांचे जोडलेले. आणि रसग्रहण एकाच गाइडमधून उचललेलं: शांत रस, दास्यभक्ती, साधी-सोपी भाषा, कवीची विनम्र शरणागती. अहो, कसली शरणागती? हा माणूस देवाला उन्हात उभं करायला निघालाय! जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला त्या गोडव्याची शिसारी आली होती. नको नको म्हणत असताना कुणी पाक तोंडात ओतत राहावं, तसं झालं होतं.

माझ्या शेजारी मुख्य परीक्षक बसले होते, एक निवृत्त प्राचार्य. प्रत्येक आलापाला त्यांची मान डोलायची.

दुपारी पडेगावहून आलेली एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील वाळूजला कंपनीत कामाला आहेत, हे सूत्रसंचालकानं कारण नसताना सांगितलं आणि त्यावर टाळ्याही मागितल्या. तिनं चाल लावली नाही. कोरड्या आवाजात, कडाक्याचं भांडण काढावं तशी ती कविता म्हणाली. 'बाहेर ये' म्हणून थांबली आणि खरंच कुणी बाहेर येतंय का, याची वाट बघत राहिली.

मग रसग्रहणात म्हणाली, "सगळे म्हणतात, हा विनवतोय. तसं नाय. ह्याच्या हातात झाडू हाय, हा हात जोडणार कसं? हा लई चिडलाय. देव आपला वाटतो म्हणूनच चिडलाय."

मी पैकीच्या पैकी गुण दिले. प्राचार्य माझ्याकडे झुकून म्हणाले, "आवाज आहे पोरीला, पण भाव चुकला. भक्तिकाव्यात एवढा कडवटपणा?"

"सर, कविता वाचा ना. त्यात गोडवा आहेच कुठं?"

"मॅडम, तुम्ही फार ताणता," असं म्हणून त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

आपल्याकडे बक्षिसांआधी परीक्षकांचं मनोगत असतं. त्या मनोगतात सरांनी तिला पुन्हा मंचावर बोलावलं. "बाळा, तुझ्यात गुण आहेत. फक्त भाव बदल. हात जोड, डोळे मीट. आईला हाक मारतेस असं समज आणि म्हण."

"सर, तिचं बरोबर होतं," मी उठून म्हणाले. पण माइक त्यांच्याकडे होता. माझं बोलणं पहिल्या रांगेच्या पलीकडे गेलं नाही.

ती जराशी घुटमळली. मग तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. काय सुरेल म्हणाली! मघाच्या त्या ताठ माणसाला तिनं पायरीवर आणून नाक घासायला लावलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सरांनी स्वतःच्या सत्काराची शाल तिच्या खांद्यावर घातली आणि मला न विचारता तिथल्या तिथं पहिलं बक्षीस जाहीर करून टाकलं. टाळ्या थांबेनात. एका माणसाचा शेकडो वर्षं टिकलेला राग या सगळ्यांनी मिळून गिळला होता आणि वर ते तृप्तीचा ढेकर देत होते. किळस आली मला त्या माणसांची, त्या हुंदक्यांची, आणि त्याच मंचावर माझ्यासाठी घडी घालून ठेवलेल्या शालीचीसुद्धा.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी बक्षिसाची ढाल छातीशी धरून माझ्याकडे आली, पाया पडली. चेहरा नुसता फुलला होता.

"मॅडम, पुढची फेरी नागपूरला हाय. तिथं आत्ता म्हणलं तसंच म्हणू ना?"

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यांदा म्हणालीस तसं म्हण. ते खरं होतं, आणि ते तुझं होतं."

तिला माझी जरा कीवच आली असावी.

"मंग हरीन की मी, मॅडम."