बोगद्याच्या तोंडाशी

इंजिन पुन्हा बोगद्याच्या तोंडाशी थांबलं. हेडलाइट विझला. तावडेकाका माझ्याकडे बघायला लागले.

"काल तर झकास धावत होतं ना?"

काल धावत होतंच. मी मुलुंडला रेल्वेची मॉडेल्स बनवते. काका घाटात इंजिन चालवून रिटायर झालेले. त्यांच्या हॉलमध्ये आम्ही त्यांचाच घाट उभा केला होता, रूळ, पूल, बोगद्यासकट. फाइनस्केल, म्हणजे सगळं खऱ्याच्या मापात. खेळण्यातल्या गाडीची चाकं जाडजूड, ती कशीही धावते. आमची चाकं बारीक. रुळावर जरा काही आलं की बोंबललं.

संध्याकाळी काकांचे रेल्वेतले जुने सोबती येणार होते. त्यांतले मोरे कधीपासून चिडवत होते, "म्हातारपणी खेळणी कसली घेतोस रे?" काकांना आज त्यांचं तोंड बंद करायचं होतं. आणि नेमकं आजच इंजिन हलेना!

माझी पार्टनर प्रज्ञा वायरिंग बघते. वीज रुळांतून चाकांत जाते, चाकांतून मोटरमध्ये. तिने बोगद्यापाशी मीटरची टोकं रुळांना टेकवली.

"सप्लाय आहे गं."

"मग चाकं बघ."

चाकांमधलं अंतर गेजने मोजलं. बरोबर. माझं डोकंच फिरलं. शेवटी रुळावरून बोट फिरवलं, तर बोट लाल-पिवळं! मीटरची टोकं अणकुचीदार, ती थर खरवडून आत गेली होती. चाकं मात्र थरावरच बसत होती.

"काकी, इथे काय लावलंत?"

"हळदकुंकू. सकाळी पूजा केली ना. हे ड्युटीवर बोगदा आला की हात जोडायचे. म्हणून तिथेच लावलं."

मी स्पिरिटचा बोळा उचलला. काकींनी माझा हात धरला. "कुंकू पुसायचं नाही हं! ह्यांची गाडी आहे ती."

"काकी, पाहुणे येतायत!"

"येऊ देत."

प्रज्ञाने कपाळाला हात लावला. काका मध्ये पडायला तयार नाहीत. घाट चढवणारा माणूस, पण बायकोपुढे गप्प. मी आतून धुसफुसत होते.

"बरं, पुसत नाही," मी म्हटलं. "कुंकवाची जागा बदलू. आधी बोगद्याच्या कमानीला लावा."

काकींनी विचार केला. करंडा आणला, वाकून कमानीला बोटं टेकवली. मग माझ्या हातातला बोळा घेऊन रूळ स्वतःच चोळले. मी चाकं साफ केली.

पाहुणे आले. चहा झाला. काकांनी कंट्रोलरचा नॉब फिरवला. गाडी पूल ओलांडून, दिवा लावून, हळूहळू बोगद्याकडे निघाली. ती आत शिरताना मोरेंचे हात आपोआप जोडले गेले.

"काय रे मोरे," काका म्हणाले, "खेळण्याला नमस्कार?"

पुन्हा एकदा चालव, एवढंच मोरेंनी हाताने सांगितलं.

तेव्हापासून प्रत्येक मॉडेलवर आम्ही एक छोटा दगड बसवतो, हळदकुंकवासाठी. रुळांपासून चांगला लांब.