ताईची तिन्ही नावं

हिंगणीच्या एसटी थांब्यावर मला निरोप द्यायला अख्खं घर आलं होतं. सिंधूताई तेवढी आली नव्हती. हिंगणघाटच्या सासरी नवऱ्यानं तिचा हात मोडला, तेव्हापासून ती माहेरीच होती. आणि "जिथं असन तिथून ओढून आणीन" असं तो चारचौघांत सांगत फिरायचा, म्हणून ती उंबऱ्याबाहेर पडत नसे. आईनं बसच्या खिडकीतून माझं मनगट धरलं. "पोचला की फोन करजो बापू. अन् सिंधूचं कोणापाशी काई बोलू नको." मी मान हलवली. नव्वदच्या दशकात आम्ही सगळे असेच मान हलवून अमेरिकेला गेलो.

पुढे सोडचिठ्ठी झाली. कारंजातल्या एका विधुर किराणा दुकानदाराशी ताईचा पाट लागला. ना पत्रिका, ना बँड. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पहिल्या सासरी ती वैशाली झाली होती, इथं रेखा झाली. कारंजात सिंधू किंवा वैशाली कोणालाच ठाऊक नव्हती. ते नवं नाव म्हणजे तिच्या दाराची कडी होती.

ती कडी मी काढली. न्यू जर्सीत, कॉफीचा मग हातात घेऊन.

इंटरनेटवर वंशावळ मांडायचं खूळ तेव्हा आपल्या भाऊबंदांपैकी कितीजणांना लागलं होतं, आठवा. घरच्या जुन्या वंशावळीत फक्त पुरुष होते. मला त्याचा राग यायचा. मी ठरवलं, लेकींची नावं घालायची, माहेरची, सासरची, गावासकट. स्वतःला फार सुधारक समजत होतो. ताईच्या चौकटीत मी सिंधू, वैशाली, रेखा अशी तिन्ही नावं लिहिली, जन्मतारीख टाकली, दोन्ही नवरे आणि कारंजातलं दुकानही. पान कोणालाही उघडता येत होतं, आणि ते तसंच असावं अशी माझी इच्छा होती. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही. आणि तुम्ही? "ग्रेट जॉब, दादा!" असे मेल पाठवलेत. तुमच्यातल्या एकालाही ताई कोण, ती कुठं का लपली, हे विचारावंसं वाटलं नाही. कोणत्या पिढीत कोण, हे मोजायची घाई होती सगळ्यांना.

पहिल्या नवऱ्याच्या पुतण्यानं नागपूरच्या सायबर कॅफेत आपलं आडनाव टाकून पाहिलं. झालं.

तो पहिला नवरा भर बाजाराच्या दिवशी कारंजाच्या दुकानात शिरला. हातात माझ्या पानाची प्रिंट. गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "काय म्हणू वं तुले? सिंधू म्हणू, वैशाली म्हणू, का रेखाबाई?" भाऊजींनी त्याला बाहेर काढलं. तो पुन्हा आला. मग ताईच्या मुलीच्या शाळेपाशी उभा राहू लागला. दिवाळीच्या आत त्यांनी चालतं दुकान विकलं आणि गाव सोडलं.

मी पान काढून टाकलं. पण तोवर तुमच्यातल्या कितीकांनी ते उतरवून आपापल्या साइटवर चढवलं होतं. "काढा" म्हटलं, तर एकानं मलाच लिहिलं, की इतिहास असा पुसता येत नाही. इतिहास! ती बाई रोज सकाळी उठून पोरांचे डबे भरते.

ताईचा एकदाच फोन आला. "मले इचारलं व्हतं काय रे तू? मेल्यावर लिवाचं व्हतं ना. जित्ती हाय मी अजून." मी रडायला लागलो, तशी म्हणाली, "रडू नको. तुले रडाले बी तिकडं जागा हाय."

म्हणून जे अजून मला मेल करून ताईचं 'अपडेट' मागतात, त्यांना शेवटचं सांगतो, मागू नका. तिच्या मुलांच्या तारखा नाहीत, फोटो नाही, गाव नाही. तुमच्याकडे असलेलं पान आजच्या आज काढा. नसेल काढायचं, तर मला भाऊ म्हणू नका.

गाव तर मलाही ठाऊक नाही. आईला आहे. दर दोन वर्षांनी मी हिंगणीला जातो. जेवताना कधी आईचा मोबाइल वाजतो, ती नंबर बघते, माझ्याकडे बघते आणि फोन घेऊन अंगणात जाते. मागून दार लोटून घेते. मी ताटावरून उठत नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत भात कालवत बसतो. माझ्यासाठी घर उरलंय ते एवढंच, त्या लोटलेल्या दाराच्या अलीकडचं.