वाटीत बुडालेला रुपया

दहावीच्या वर्षी माझं पुढचं सगळं एका वाटीवर येऊन ठेपलं होतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाआधी वडिलांनी शब्द दिला होता, "परदर्शनात नंबर आला तर नगरला सायन्सला घालतो. न्हाई आला तर त्याचं नाव काढायचं न्हाई." पाथर्डी तालुक्यातल्या शेतकऱ्याने पोरीला एवढं म्हणणं हेच खूप होतं.

वाटी काचेची. तिच्यात तिसगावच्या बाजारातून आणलेलं, जेली करायचं चायना ग्रास, अगदी थोडं घालून थलथलीत शिजवलेलं, आणि ओढ्याच्या वाळूतून चुंबकाने वेचलेली काळी पूड. गोठेपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर पूड तळाशी बसे. वर काचेची गोटी ठेवली की ती आत रुतायची. पण वाटीखाली मोडक्या स्पीकरचं चुंबक सरकवलं की तेच थलथलीत ताठ होई आणि गोटी वर बसून राही. लोखंडाचे कण एकमेकांना धरून आतून टेकू देतात, हे मी पाठ केलं नव्हतं, मला कळलं होतं. त्याचा मला गर्व होता, आजही आहे.

आमच्याकडे पाण्याची मोटार असो की पिठाची गिरणी, पूजेशिवाय काही सुरू होत नाही. माझं टेबल पहिलं, म्हणून उद्घाटनाच्या पूजेचा मान त्याला. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी हळदकुंकू वाहिलं आणि खिशातला नवा, स्टीलचा रुपया थेट वाटीत ठेवला. खाली चुंबक होतंच. रुपया खाली ओढला जाऊन पार बुडाला.

"हे तर घट्ट व्हायचं हुतं ना?" अध्यक्ष म्हणाले. सगळा मांडव हसला. परीक्षकही हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

"साहेब, चुंबक रुपयालाच ओढतंय. गोटी ठेवून बघा," मी म्हणाले. ऐकलं फक्त आमच्या विज्ञानाच्या सरांनी. त्यांना कळलंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग अध्यक्षांसाठी खुर्ची पुढे केली. नोकरी संस्थेची होती ना! मला त्या माणसाची अजून चीड येते.

बाहेर वडिलांनी त्यांनाच गाठलं. "सर, पोरीचं काय चुकलं?"

"अवघड विषय घेतला तिनं. झेपला नाही," सर म्हणाले.

वडील शब्दाचे पक्के. जूनमध्ये त्यांनी मला आर्ट्सला घातलं, आणि कोणी विचारलं की समाधानाने सांगायचे, पोरीला सायन्स झेपलं नसतं, खुद्द सरच म्हणाले.