उंदीर सोडायची जागा

निर्मलभाऊंच्या स्कूटरवर पायाशी एक पिंजरा असायचा. पिंजऱ्यात उंदीर. कधी एक, कधी दोन. वर जुन्या धोतराचा तुकडा टाकलेला, त्यांना वारा लागू नये म्हणून.

निर्मलभाऊंचं जळगावात किराणा आणि धान्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, वर एक खोली. त्या खोलीत मी भाड्याने राहते. मी धरणगावची. मराठीत एम.ए. केलं आणि इथल्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. खोली देताना त्यांची एकच अट होती. मांस-मच्छी नाही, अंडंसुद्धा नाही.

"बाकी कांदा-लसूण तुझं तू बघ," ते म्हणाले होते. "तेवढं आम्ही नाक बंद करू."

धान्याच्या दुकानात उंदीर येणारच. बाकीचे दुकानदार औषध टाकतात. निर्मलभाऊ जैन. मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारे. ते पिंजरा लावायचे आणि सकाळी उंदीर मेहरूण तलावाच्या काठावर सोडून यायचे. माझा क्लास त्याच बाजूला, म्हणून पुष्कळदा मी मागे बसायची. त्यांची जागा ठरलेली होती. एक बाभूळ, खाली दगडांची कपार. आधी ते आजूबाजूला मांजर आहे का बघायचे. असलं तर रुमाल हलवून हाकलायचे. मग पिंजऱ्याचं दार उघडायचे. "जा बाबा," म्हणायचे. "सांभाळून राहा."

"तेच उंदीर परत येतात," राजकुंवरभाभी म्हणायच्या. "स्कूटरच्या आधी घरी पोचतात. तुम्हीच सिग्नलला थांबता."

भाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलगी पलक लग्न होऊन सुरतेला गेली. ती गेली त्या वर्षी तुरडाळीच्या पोत्यांमागे मांजरीचं एक पिल्लू सापडलं. पांढरं, कानाशी पिवळसर. आई कुठे दिसेना. निर्मलभाऊंनी ते टोपीत उचलून आत आणलं. नाव ठेवलं चंदना.

चंदना त्या घरात त्या घरासारखी वाढली. सकाळी दूध. दुपारी तूप लावलेली पोळी, कुसकरून. संध्याकाळी मऊ खिचडी. सूर्यास्तानंतर घरात कुणी जेवत नसे. तिची वाटीही उचलली जायची. पाणी तिलाही उकळून गार केलेलं. गळ्यात एक घुंगरू बांधलं होतं. हौसेसाठी नाही. उंदरांना तिची चाहूल लागावी म्हणून. एकदा तिने पाल तोंडात धरली, तर निर्मलभाऊंनी हलक्या हाताने तिचा जबडा उघडून पाल सोडवली. मग तिला मांडीवर घेऊन बराच वेळ समजावत बसले.

हळूहळू तिने शिकार सोडली. लोक तिला बघायला यायचे. कोणी म्हणायचं, मागच्या जन्मीचा पुण्यवान जीव. निर्मलभाऊंचा चेहरा उजळायचा. त्यांनी आयुष्यात कशाचा अभिमान धरला असेल तर तो एवढाच. आपल्या घरात मांजरसुद्धा हिंसा करत नाही.

एकदा माझी आई, सुंदरबाई, वांगी घेऊन आली. दुकानात टेकली. चंदना पोळी खात होती. आईने एकदा मांजरीकडे पाहिलं, एकदा पिंजऱ्याकडे. मग आपल्या अहिराणीत म्हणाली,

"भाऊ, बठ्ठा उंदीर तलाववर सोडी येतस. मंग मांजरनी काय करानं? पोथी वाचानी?"

निर्मलभाऊ पोट धरून हसले. "तिला उंदीर आठवतच नाही, सुंदरबाई. संस्कार झालेत."

"मांजर शे ती, भाऊ. म्हाराज नही शे."

सगळे हसलो. मीही हसले.

गेल्या हिवाळ्यात चंदना दाराच्या चौकटीला धडकली. मग पुन्हा धडकली. पाण्याची वाटी समोर असताना ती बाजूला तोंड घालायची. भाभी म्हणाल्या, "म्हातारी झाली." पण ती म्हातारी नव्हती. पलकच्या लग्नाएवढंच तिचं वय. पुढे ती जिना चढताना मध्येच बसायला लागली. तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची.

आम्ही तिला पिशवीत घालून डॉक्टरकडे नेलं. हितेंद्र नावाचे तरुण डॉक्टर. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"खायला काय देता?"

निर्मलभाऊंनी सगळं सांगितलं. दूध, पोळी, तूप, खिचडी. जरा आनंदानेच सांगितलं.

डॉक्टरांनी नळी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "काका, मांजर मांसावरच जगतं. तिच्या डोळ्यांना आणि हृदयाला जे लागतं ते पोळीत नसतं, दुधातही पुरेसं नसतं. माणूस शाकाहारी होऊ शकतो. गाय असतेच. मांजराचं शरीर तसं बनलेलंच नाही. ही रोज खात होती आणि रोज उपाशी होती."

"पण ती आवडीने खायची."

"भूक लागल्यावर काय करेल?"

दुकानात रोज तराजू धरणारा त्यांचा हात टेबलावर नुसता पडून होता.

"आता?"

"डोळे येणार नाहीत. हृदयासाठी औषध देतो. जे कमी पडलं त्याचीही पावडर देतो. पण नुसत्या पावडरीने भागणार नाही. मांस सुरू करा. मासे, कोंबडी, काहीही. कदाचित सावरेल. उशीर झालाय."

"शाकाहारी काही..."

"नाही, काका."

येताना स्कूटर मी चालवली. ते मागे पिशवी छातीशी धरून बसले होते.

दोन दिवस गेले. मी म्हटलं, "मी तिला धरणगावला नेते. आई सांभाळेल." त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आंधळी आहे. या घराच्या भिंती तरी तिला पाठ आहेत." तेही खरं होतं.

मग एका दुपारी ते जिना चढून वर आले. उंबऱ्याबाहेरच थांबले.

"दीपमाला बेटा."

"या ना, भाऊ."

ते आत आले नाहीत. "डॉक्टर म्हणाले ते. तू शिजवशील?"

अट त्यांचीच होती. 'मांस' या शब्दाचा उच्चारही त्यांना करता येत नव्हता.

"भाभींना..."

"तिला मी सांगेन. आज नाही."

मी लांबच्या दुकानातून कोंबडी आणली. काळ्या पिशवीत, वर कोथिंबीर. खिडक्या लावून घेतल्या. मीठ-मसाला काही नाही, नुसतं पाण्यात उकडलं. निर्मलभाऊ चंदनाला घेऊन आले आणि भिंतीशी खाली बसले. वास खोलीभर भरला होता. तरी त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही.

मी झाकण उचलायच्या आधीच चंदनाने मान वर केली. न दिसणाऱ्या डोळ्यांनी ती सरळ भांड्याकडे आली. खाताना तिच्या घशातून एक आवाज यायला लागला. खोल, घरघरता, थोडा रागीट. मी तो आमच्या धरणगावच्या मांजरींकडून ऐकलेला होता. निर्मलभाऊंनी कधीच ऐकला नव्हता.

"दुखतंय का तिला?"

"नाही, भाऊ. मांजरं असंच खातात. दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून."

ते ऐकत राहिले.

"इतकी वर्षं ती आमच्याकडे असं बोललीच नाही," ते म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या गळ्यातलं घुंगरू सोडलं. गाठ घट्ट बसली होती. वेळ लागला.

रोज दुपारी हे चालू झालं. भाभींना त्यांनी सांगितलं की नाही, माहीत नाही. एकदा नळावर त्या माझ्याशेजारी कळशी लावून उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वर काय शिजतं ते नाकाला कळतं. मी विचारणार नाही. विचारलं तर तुला खोटं बोलावं लागेल. तेही पापच." मग कळशी उचलून आत गेल्या. त्या दिवसापासून चंदनाची वाटी सूर्यास्तानंतरही स्वयंपाकाच्या ओट्याखाली राहायला लागली.

चंदना सुधारली. अंगावर चमक आली. एकदा ती माझ्या दारापर्यंत जिना एका दमात चढली. दाराच्या लाकडावर तिने नखं घासली, मागचे पाय ताणून. निर्मलभाऊंनी मला हाक मारून ते दाखवलं. नवीन दरवाजा खराब होत होता आणि ते हसत होते. डॉक्टर मात्र तपासून फक्त "बघू" म्हणाले.

आषाढात ती गेली. दुकानात, डाळीच्या पोत्यावर, भर दुपारी. गिऱ्हाईक उभं होतं. निर्मलभाऊंनी डाळ तोलून दिली, तराजू खाली ठेवला आणि मग तिच्यापाशी गेले. मागच्या अंगणात सीताफळाखाली तिला पुरलं. खड्डा त्यांनीच खणला. मुंग्यांचं एक वारूळ लागलं, तर ते सोडून दुसरीकडे खणला.

चातुर्मासासाठी जैन स्थानकात, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या जागी, महाराज आले होते. निर्मलभाऊ रोज प्रवचनाला जायचे. एका संध्याकाळी परतले ते ओट्यावरच बसून राहिले. भाभी माझ्याकडे आल्या. "तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात."

मी शेजारी बसले.

"प्रायश्चित्त मागायला गेलो होतो," ते म्हणाले. "महाराजांसमोर हात जोडले. त्यांनी विचारलं, कशाचं? मला सांगताच येईना. तिला मांस दिलं त्याचं, की इतकी वर्षं दिलं नाही त्याचं?"

"मग?"

"उठून आलो."



पर्युषण संपलं की जैन माणसं सगळ्यांची क्षमा मागतात. लहानमोठं बघत नाहीत. निर्मलभाऊ जिना चढून आले. या वेळी उंबरा ओलांडून आत आले. हात जोडून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्. तुझ्या हाताने करवून घेतलं." मी त्यांचे हात धरून खाली केले.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उंदीर होता. मोठा, तपकिरी. मी स्कूटरवर मागे बसले. मेहरूणला बाभळीखाली एक मांजर बसलं होतं. मांजरीच. पोट खपाटीला गेलेलं, आचळं लोंबणारी. दगडांच्या कपारीत कुठेतरी पिलं असावीत. बारीक आवाज येत होता.

निर्मलभाऊंनी पिंजरा खाली ठेवला. सवयीने खिशात हात घातला. रुमाल अर्धा बाहेर आला.

मांजरीने त्यांच्याकडे पाहिलं. ती उठली नाही.

ते खूप वेळ उभे राहिले. पिंजऱ्यातला उंदीर जाळीला नाक लावून वास घेत होता. निर्मलभाऊंनी रुमाल परत खिशात ठेवला. वाकून पिंजऱ्याचं दार उघडलं. "जा बाबा," म्हणाले नाहीत. पाठ फिरवून तलावाकडे तोंड केलं आणि हात जोडले.

मागे गवत एकदाच सळसळलं. मग तो आवाज आला. खोल, घरघरता. त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं की त्यांनी तो ओळखला.

त्यांचे ओठ हलत होते. क्षमा मागत होते. कुणाची, ते मी विचारलं नाही.